राजा रविवर्मा आणि त्यांचा छापखाना

सोलापूर शहरात सात रस्ता नावाचा एक गजबजलेला चौक आहे. निरनिराळ्या दिशांनी आलेले रस्ते तेथे क्षणभर एकत्र येतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने निघून जातात. या चौकाच्या आसपासच्या एखाद्या जुन्या घरात आपण गेलो, तर देवघराच्या भिंतीवर काळवंडलेल्या लाकडी चौकटीत बसविलेले एक चित्र पुष्कळदा दृष्टीस पडते. पाण्यातील कमळावर लक्ष्मी उभी आहे. तिच्या चार हातांपैकी दोन हातांत कमळे आहेत. साडीचे काठ सोनेरी आहेत. मागे एक हत्ती आहे. आजीच्याही आजीने या चित्रापुढे उदबत्ती लावलेली असते. उदबत्तीच्या धुराने काच पिवळी पडलेली असते. परंतु देवीच्या मुखावरील शांत भाव मात्र अजून पुसला गेलेला नसतो.

हे चित्र कोणी काढले, असा प्रश्न विचारला तर घरातील वडील माणसे तत्काळ राजा रविवर्मा यांचे नाव घेतात. ते उत्तर खरे आहे, पण ते पुरे नाही. रविवर्मांनी मूळ चित्र कापडावर तैलरंगांनी रंगविले, ते एकच. सोलापुरातील घरात जे आहे ते कागदावर छापलेले चित्र आहे. आणि तसली असंख्य चित्रे या देशातील घराघरांत पोचली. एका चित्राची इतकी चित्रे कशी झाली आणि त्यासाठी किती हात राबले, हे समजून घेतल्यावाचून या थोर चित्रकाराचे चरित्र पूर्ण होत नाही.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर या गावी झाला. हा प्रदेश आज केरळ राज्यात आहे. किळिमानूरच्या घराण्याचे त्रावणकोरच्या राजघराण्याशी जुने नातेसंबंध होते. वडील संस्कृतचे गाढे व्यासंगी होते, तर आई उमयांबा या स्वतः कवयित्री होत्या. रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील कथा त्या घरात रोज कानांवर पडत. आपल्या डोळ्यांपुढे शकुंतला, दमयंती, सीता, हरिश्चंद्र ही माणसे ज्या चित्रकाराने उभी केली, त्याच्या मनात त्यांची वस्ती बालपणीच झाली होती.

लहानपणी रविवर्मा कोळशाने भिंतींवर चित्रे काढीत. हत्ती, घोडे, पक्षी, जे दिसेल ते भिंतीवर उमटे. घरातील इतर मंडळी यामुळे त्रासून जात. पण मामा राजराजवर्मा यांना मात्र त्या रेघोट्यांत वेगळेच काही दिसले. ते स्वतः तंजावर पद्धतीची चित्रे काढीत असत. मामा एक अर्धे झालेले चित्र ठेवून बाहेर गेले असता भाच्याने ते पुरे करून टाकले, अशी एक आख्यायिका आहे. मामा रागावले नाहीत. त्यांनी मुलाच्या हाती कुंचला दिला. १८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामांनी त्याला तिरुवनंतपुरम येथे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याकडे नेले. महाराजांनी त्याची राहण्याची सोय केली आणि राजवाड्यातील चित्रसंग्रह त्याला मोकळा केला.

त्या काळी तैलरंगांची विद्या आपल्याकडे नवी होती. आपले चित्रकार खनिज व वनस्पती यांपासून केलेले पाण्यात कालविण्याचे रंग वापरीत. तैलरंगांत छाया आणि प्रकाश यांची जी खोली साधता येते, तिचे रविवर्मांना विलक्षण आकर्षण वाटले. परंतु ही विद्या शिकवावयास कोणी तयार नव्हते. दरबारचे चित्रकार रामस्वामी नायडू यांनी ती देण्याचे नाकारले. त्यांच्या एका शिष्याने रात्रीच्या वेळी चोरून येऊन या मुलाला थोडेबहुत दाखविले, असे सांगतात. पुढे १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार दरबारात आले. त्यांनीही प्रत्यक्ष शिकविले नाही. आपण काम करीत असताना जवळ उभे राहून पाहण्याची मुभा तेवढी दिली. रविवर्मांना तेवढीही पुरली. रंग कसे कालवावेत, त्यांत तेल किती घालावे, एका थरावर दुसरा थर केव्हा चढवावा, हे त्यांनी डोळ्यांनी टिपले आणि घरी येऊन हातांनी घोटले. जी विद्या इतरांनी मुठीत झाकून ठेवली होती, ती त्यांनी केवळ निरीक्षणाच्या व परिश्रमाच्या बळावर मिळविली. झाकलेल्या मुठीचा हा अनुभव ते विसरले नसावेत. कारण पुढे त्यांनी आपली कला झाकून न ठेवता चव्हाट्यावर नेली.

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केशरचना करणाऱ्या एका नायर स्त्रीच्या चित्राबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. १८७६ साली त्यांनी काढलेले, दुष्यंताला पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे चित्र सर्वत्र वाखाणले गेले. संस्कृतचे पंडित मोनियर विल्यम्स यांनी ते आपल्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतराच्या ग्रंथात घातले. आपले चित्र छापून दूरवर जाऊ शकते, याची चुणूक रविवर्मांना येथे दिसली.

याच सुमारास त्यांच्या जीवनाला महाराष्ट्राकडे आणि गुजरातेकडे वळविणारा एक दुवा जुळून आला. तंजावरकडील मराठी कुळात जन्मलेले सर टी. माधवराव हे पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते. तेच पुढे बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्यामुळे रविवर्मांना १८८१ साली सयाजीराव गायकवाड यांना राज्याधिकार मिळण्याच्या समारंभानिमित्त बडोद्यास बोलावणे आले. सयाजीराव गुणग्राहक राजे होते. १८८८ साली त्यांनी रविवर्मांना पुराणे व महाकाव्ये यांतील प्रसंगांची चौदा चित्रे काढण्याचे काम सोपविले.

हे काम हाती घेताच रविवर्मांपुढे एक अडचण उभी राहिली. पुराणातील स्त्रीपुरुषांना वस्त्रे कोणती नेसवावी? मल्याळी पोशाख दिला तर उत्तरेतील माणसाला तो परका वाटेल. बंगाली दिला तर दक्षिणेला वाटेल. या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी ते धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन उत्तर भारताच्या प्रवासास निघाले. गावोगावची वेशभूषा, अलंकार, चेहरेपट्टी त्यांनी पाहिली. अखेर त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर साडी आली, आणि त्या साडीच्या नेसण्यात महाराष्ट्रातील स्त्रियांच्या नेसण्याची छाप स्पष्ट दिसते. नल आणि दमयंती, विश्वामित्र आणि मेनका, शंतनू आणि मत्स्यगंधा, अर्जुन आणि सुभद्रा असे प्रसंग त्यांनी रंगविले. चित्रे पुरी झाल्यावर ती लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली, तेव्हा ती पाहण्यास माणसांची रीघ लागली. जी कथा आजवर कीर्तनात ऐकली, ती आज डोळ्यांनी पाहिली, या आनंदाने लोक भारून गेले. १८९३ साली अमेरिकेतील शिकागो शहरी भरलेल्या जागतिक प्रदर्शनात रविवर्मांची दहा चित्रे गेली आणि तेथेही त्यांना पारितोषिके मिळाली.

आता चहूकडून मागणी येऊ लागली. संस्थानिकांना आपली व्यक्तिचित्रे हवी होती, सरदारांना पुराणप्रसंग हवे होते. पण एक मोठे तैलचित्र पुरे होण्यास पुष्कळ काळ लागे आणि ते घेण्यास श्रीमंतच समर्थ असत. दोन हातांनी किती चित्रे काढावी? सर माधवराव यांनी रविवर्मांना पूर्वीच एक सल्ला दिला होता. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. त्यामुळे कीर्तीही वाढेल आणि देशाची सेवाही होईल, असे त्यांचे म्हणणे होते. रविवर्मांनी सल्ल्याचा अर्धा भाग घेतला. चित्रे परदेशी पाठविण्याऐवजी छापखानाच येथे आणावा, असे त्यांनी ठरविले. मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाऊ मखनजी यांची भागीदारी मिळाली. जर्मनीहून यंत्रे आली, ती चालविणारे जर्मन कारागीरही आले, आणि १८९४ साली मुंबईत रविवर्मा छापखाना सुरू झाला. तेथून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. मेनका आपले बालक पुढे करते आहे आणि विश्वामित्र मुख फिरवून हात आडवा धरतात, असा तो प्रसंग आहे.

शिळेवरून छापण्याची कला महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नव्हती. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले होते. पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी १८७८ साली चित्रशाळा स्थापून देवदेवतांची व मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांची चित्रे छापली होती. परंतु तैलचित्रातील छायाप्रकाशाचा भास कागदावर उतरविणे हे काम त्याहून पुष्कळ बिकट होते.

ही कला मूळची जर्मनीतील. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलॉइस झेनेफेल्डर नावाचा एक नाटककार तेथे राहत असे. आपली नाटके स्वस्तात छापता यावी, म्हणून तो नाना प्रयोग करीत होता. एके दिवशी परीट दाराशी आला असता जवळ कागद नव्हता, म्हणून त्याने कपड्यांची यादी मेणचट शाईने एका गुळगुळीत दगडावर लिहिली, आणि त्यातूनच पुढे त्याला शिळाछापाची युक्ती सापडली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या गोष्टीवर ती उभी आहे. विशिष्ट जातीच्या चुनखडीच्या घोटलेल्या शिळेवर स्निग्ध शाईने चित्र काढावयाचे. डिंक व सौम्य आम्ल यांच्या मिश्रणाने शिळा तयार करावयाची. मग ती पाण्याने ओली करावयाची. जेथे चित्र आहे तेथे पाणी टिकत नाही, आणि जेथे पाणी आहे तेथे शाई चिकटत नाही. शाईचा रूळ शिळेवरून फिरविला की शाई केवळ चित्रावरच बसते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र कागदावर उमटते.

एका रंगासाठी हे इतके. पण रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची स्वतंत्र शिळा लागे. रविवर्मांचे तैलचित्र छापखान्यात आले की कुशल कारागीर प्रथम त्याची बाह्यरेषा उतरवून घेत. मग ते चित्राचे मनात पृथक्करण करीत. देवीच्या गालावरील एक छटा घ्यावी. ती चित्रकाराने एका फटकाऱ्यात दिलेली असते. पण छापणाऱ्याला तीत पिवळा किती, गुलाबी किती, तपकिरी किती, हे ओळखावे लागे. मग पिवळ्याच्या शिळेवर तेवढेच ठिपके, गुलाबीच्या शिळेवर तेवढेच, तपकिरीच्या शिळेवर तेवढेच, असे बारीक ठिपके हाताने द्यावे लागत. शिवाय छापताना डावे उजवे होते, म्हणून शिळेवरील सारे चित्र उलटे काढावे लागे. लक्ष्मीचा उजवा हात शिळेवर डावीकडे जाई. एकेका चित्रासाठी दहा-बारा, कधी त्याहूनही अधिक शिळा तयार कराव्या लागत.

नंतर छपाई सुरू होई. सामान्यतः आधी फिके रंग, मागून गडद रंग, असा क्रम असे. एक रंग वाळला की तोच कागद दुसऱ्या शिळेवर जाई. कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून कडेला खुणा केलेल्या असत. कागद केसभर जरी सरकला, तरी ओठांचा रंग ओठांबाहेर जाई आणि देवीचे मुख विद्रूप दिसे. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे. त्याचेही भान ठेवावे लागे. सगळे रंग चढल्यावर चित्रावर रोगणाचा हात देत आणि कापडाच्या पोताचा ठसाही उठवीत. म्हणजे ते तैलचित्रासारखे भासे. अशा चित्राला ऑलिओग्राफ असे नाव होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. छापणारा कारागीर हा केवळ नक्कल करणारा मजूर नव्हे. चित्रकाराची दृष्टी त्याला समजावी लागते, आणि ती दुसऱ्याच साधनांनी पुन्हा घडवावी लागते. उलट, चित्रकारालाही छापणाऱ्याच्या मर्यादा ओळखाव्या लागतात. कापडावर सहज साधणारी एखादी सूक्ष्म छटा शिळेवर उतरत नाही, हे त्याला मान्य करावे लागते. रविवर्मांना कला होती, पण यंत्र नव्हते. जर्मन कारागिरांना यंत्र ठाऊक होते, पण दमयंती ठाऊक नव्हती. दोघांनी एकमेकांचे ऐकले, तेव्हाच ती चित्रे घडली.

छापखाना उभा राहिला, पण दैव अनुकूल नव्हते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. घरे ओस पडली, कामगार जीव घेऊन गावोगावी पळाले, व्यापार थंडावला. यंत्रांसाठी घातलेला पैसा अडकून पडला. रविवर्मा चित्रे काढण्यासाठी संस्थानांत हिंडत असत आणि व्यवहाराचा पुष्कळसा भार बंधू राजराजवर्मा यांच्यावर पडे. या बंधूंची योग्यता मोठी होती. ते स्वतः निपुण चित्रकार होते. रविवर्मांच्या कित्येक चित्रांतील मागील देखावे रंगविण्यात त्यांचा हात होता. त्यांनी ठेवलेल्या रोजनिशीमुळेच या दोघा भावांचा प्रवास, कष्ट आणि विवंचना आज आपल्याला कळतात.

१८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आला. कार्ल्याची प्राचीन लेणी जवळ, मोकळी हवा, आणि मुंबई-पुणे लोहमार्गावरील ठिकाण. हाच मार्ग पुढे सोलापूरकडे येतो. सोलापुरास आगगाडी १८६० सालीच आली होती. ज्या काळात सोलापूरच्या गिरण्यांतील कापडाचे गठ्ठे गाडीने बाहेर जात, त्या काळात रंगीत चित्रांच्या गुंडाळ्या गाडीनेच गावोगावच्या बाजारांत उतरत.

तरीही कर्जाचा भार हलका होईना. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्मांनी छापखाना आणि त्याबरोबर आपली अनेक चित्रे छापण्याचे हक्क जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांना विकून टाकले. ज्या माणसाला यंत्रे चालविण्यासाठी आणले, तोच त्यांचा धनी झाला. श्लायखर यांनी धंदा नेटाने चालविला. चित्रांबरोबर दिनदर्शिका, जाहिराती, मालावरील चिठ्ठ्या असे सर्व प्रकारचे काम त्यांनी घेतले. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर यांच्यासारख्या अन्य चित्रकारांची चित्रेही तेथे छापली गेली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी काही काळ या छापखान्याचे काम केले. पुढे फाळक्यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र हा चित्रपट लोकांपुढे आणला. रविवर्मांनी रंगांत उभा केलेला सत्यवचनी राजा फाळक्यांनी पडद्यावर चालताबोलता केला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

हक्क विकल्यावर चित्रांवरील रविवर्मांची देखरेख संपली. मागणी वाढेल तसे स्वस्त कागद आणि थोडे रंग वापरून कोणीही चित्रे काढू लागला. जी चित्रे रविवर्मांनी कधी काढलीच नव्हती, तीही त्यांच्या नावावर खपू लागली. नावाची कीर्ती वाढत होती आणि चित्राचा दर्जा उतरत होता. आपली कृती अनेकांच्या हाती देण्यात जो लाभ आहे, त्याच्या पोटातच हा धोकाही असतो.

१९०४ साली इंग्रज सरकारने रविवर्मांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पण या सन्मानाचा आनंद फार काळ टिकला नाही. १९०५ च्या आरंभी राजराजवर्मा निवर्तले. सावलीसारखा पाठीशी असलेला भाऊ गेल्याने रविवर्मा खचले. मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते. ते किळिमानूरला परतले, आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी, ज्या घराच्या भिंतींवर त्यांनी कोळशाने हत्तीघोडे काढले होते, त्या आपल्या जन्मगावी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या हयातीतच आणि त्यानंतर त्यांच्यावर कठोर टीका झाली. आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या कलापंडितांना त्यांच्या चित्रांत भारतीय आत्मा दिसला नाही. पाश्चात्त्य रीतीने रंगविलेल्या देवता या नाटकातील पात्रांसारख्या दिसतात, असा या टीकेचा आशय होता. या आक्षेपात मुळीच तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरील रेषेचे लालित्य रविवर्मांच्या चित्रांत शोधू नये. परंतु ज्यांनी हे आक्षेप घेतले, त्यांच्यापैकी कोणाचे चित्र गवंड्याच्या, विणकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या भिंतीवर लागले?

येथे आणखी एक गोष्ट आठवते. त्या काळी आपल्याच धर्माच्या कोट्यवधी माणसांना मंदिराची पायरी चढण्यास बंदी होती. रविवर्मांच्या त्रावणकोरात मंदिरे सर्व हिंदूंस खुली झाली ती १९३६ साली. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात विठ्ठलाचे द्वार सर्वांसाठी उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ज्या माणसाला देवाच्या दाराशी उभे राहू देत नव्हते, त्याला थोडक्या पैशांत बाजारातून देवाचे चित्र घेता येऊ लागले. कागदावरचा तो देव शिवाशिव मानीत नव्हता. घरातील बायका त्या चित्रावर जर आणि टिकल्या लावून त्याला सजवीत, त्याच्यापुढे दिवा लावीत. चित्रकाराच्या आणि छापणाऱ्याच्या मनात असो वा नसो, हे कार्य त्यांच्या हातून घडले.

मळवलीचा तो छापखाना १९७२ साली आगीत नष्ट झाला. रविवर्मांची मूळ तैलचित्रे आज बडोदा, म्हैसूर आणि तिरुवनंतपुरम येथील संग्रहांत सांभाळून ठेवली आहेत. १९७९ साली भारत सरकारने त्यांच्या कृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. त्यामुळे त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पण त्यांची खरी स्मृती या संग्रहालयांत जेवढी आहे, तितकीच ती काळवंडलेल्या चौकटीतील छापील चित्रांतही आहे.

अशा जुन्या चित्राची चौकट कधी काळी काच बदलण्यासाठी उघडली, तर कागदाच्या कडेला नीट पाहावे. तेथे छापखान्याचे नाव सापडते, चित्रकाराचे नाव सापडते. ज्याने दमयंतीच्या डोळ्यांतील तेज ठिपक्याठिपक्यांनी शिळेवर उतरविले, त्या कारागिराचे नाव मात्र सापडत नाही. ज्याने कागद केसभरही सरकू दिला नाही, त्याचेही सापडत नाही. शिळा पुन्हा घासून त्यांवर दुसरी चित्रे काढली गेली, आणि त्या हातांची खूण त्याबरोबर पुसली गेली.

सात रस्त्याच्या चौकात उभे राहिले म्हणजे निरनिराळ्या वाटांनी आलेली माणसे एके ठिकाणी मिळताना दिसतात. त्या कागदावरही तसेच झाले आहे. किळिमानूरचा चित्रकार, त्याचा भाऊ, मुंबईचा व्यापारी, जर्मनीचा तंत्रज्ञ आणि नाव न उरलेले कित्येक कारागीर आपापला रंग घेऊन त्या एका जागी आले. प्रत्येकाने आपला रंग नेमक्या जागी दिला, म्हणून ती लक्ष्मी आपल्या भिंतीवर अजून उभी आहे. तिला नमस्कार करताना एक नमस्कार त्या हातांनाही करावा.